झेंड्याच्या कोपऱ्यात

हेडफोन कानाला लावा. खुर्चीच्या हाताशी गोल खटका आहे, तो फिरवला की भाषा बदलते. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, चिनी. एवढ्यावर जगाचं भागतं असा इथे समज आहे. मोबाइल खिशातच राहू द्या, त्याला ओळखणारा एकही मनोरा अजून उभा राहिलेला नाही.

तारीख २ नोव्हेंबर १९५६, शुक्रवार. घड्याळ तसं म्हणतं खरं, पण सभागृहातल्या लोकांचा गुरुवार अजून संपलेला नाही. पहाटेचे अडीच वाजायला आलेत. न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीच्या काठावर संयुक्त राष्ट्रांची आमसभा तातडीच्या खास अधिवेशनासाठी भरली आहे, आणि असं अधिवेशन भरायची ही पहिलीच खेप. समोर हिरव्या संगमरवराचं व्यासपीठ, अध्यक्षस्थानी चिलीचे रुदेसिंदो ओर्तेगा. तुम्हाला जागा मिळाली आहे कॅनडाच्या पाठीमागे. इंग्रजी वर्णक्रमाने बसायचा रिवाज, त्यामुळे एका अंगाला कंबोडिया, दुसऱ्या अंगाला सिलोन. पुढ्यात बो-टाय बांधलेला, गोल चेहऱ्याचा, एकोणसाठीचा गृहस्थ कागदावर काहीतरी लिहितोय, खोडतोय. हे कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन. जवळचे त्यांना ‘माइक’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात विमान शिकवणाऱ्या अधिकाऱ्याला ‘लेस्टर’ हे नाव वैमानिकाला शोभेसं वाटेना, तेव्हा त्याने परस्पर बारसं उरकलं होतं.

भांडण कशाचं ते थोडक्यात ऐकून घ्या, कारण पुढे विचारायला सवड मिळायची नाही. २६ जुलैला इजिप्तच्या नासरांनी सुएझ कालव्याची कंपनी सरकारजमा केली. तीन महिने परिषदा झाल्या, खलिते झाले. २९ ऑक्टोबरला इस्राएलचं सैन्य सिनाईत घुसलं. दुसऱ्या दिवशी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी दोघांनाही बारा तासांची मुदत दिली: कालव्यापासून दहा मैल मागे व्हा, नाहीतर आम्ही मध्ये पडतो. म्हणजे इजिप्तने स्वतःच्याच मुलखात मागे व्हायचं. नासरांनी नकार दिला आणि ब्रिटिश विमानं इजिप्तच्या धावपट्ट्यांवर बॉम्ब टाकू लागली. सुरक्षा परिषदेत ठराव आला तेव्हा ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरला. म्हणून प्रकरण इथे, आमसभेत, जिथे नकाराधिकार कुणालाच नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. २४ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी या सगळ्याचा लेखी करार करून ठेवलाय. कुणी कधी हल्ला करायचा, कुणी कधी ‘सोडवायला’ धावून जायचं, सारं ठरवून. लंडनच्या प्रती जाळल्या गेल्यात. सभागृहात पलीकडे ब्रिटनचे प्रतिनिधी पिअर्सन डिक्सन ताठ मानेने बसलेत (नावातला ‘पिअर्सन’ हा निव्वळ योगायोग, गोंधळू नका) आणि त्यांनासुद्धा त्यांच्या सरकारने हे सांगितलेलं नाही. त्यांच्या कानाशी जाऊन सांगावंसं वाटेल. तोंड उघडून पाहा, आवाज फुटणार नाही. या प्रवासाची अट तीच आहे.

मतदान सुरू झालं. ठराव अमेरिकेचा: लढाई थांबवा, मागे या, कालवा खुला करा. एकेका देशाचं नाव पुकारलं जातं. ऑस्ट्रेलिया, विरोध. न्यूझीलंड, विरोध. घरची माणसं घरच्यांच्या बाजूने उभी राहिली. भारत, सिलोन, पाकिस्तान, ठरावाच्या बाजूने. राष्ट्रकुलात उभी भेग पडताना तुम्हाला ऐकू येतेय. आणि कॅनडा?

तटस्थ.

निकाल: बाजूने ६४, विरोधात ५, तटस्थ ६. सहांत दक्षिण आफ्रिका, बेल्जियम, नेदरलँड्स, पोर्तुगाल, लाओस. ही काही मिरवण्यासारखी संगत नव्हे. १९१४ साली ब्रिटन युद्धात उतरला त्या क्षणी कॅनडाही आपोआप उतरला होता, त्याला कुणी विचारलंदेखील नव्हतं. १९३९ साली त्याने आठवडाभर थांबून, स्वतःच्या संसदेत चर्चा करून युद्ध पुकारलं, तो आठवडासुद्धा अभिमानाचा मानला गेला. आणि आज, ब्रिटन लढाईत असताना, कॅनडा गप्प. एका शब्दाच्या या गप्प राहण्यासाठी बेचाळीस वर्षं लागली.

ओटावात पंतप्रधान लुई सँ-लोराँ संतापलेले आहेत. बारा तासांच्या मुदतीची बातमी त्यांना लंडनकडून नव्हे, वर्तमानपत्रवाल्यांकडून कळली. ब्रिटनचे पंतप्रधान ईडनसाहेब यांची तार मागाहून आली, पाठिंबा द्यालच अशा भाषेत. लग्नाचा मुहूर्त परस्पर ठरवून मामाला आदल्या रात्री अंतरपाट धरायला बोलवावं, तसं.

आता पिअर्सन उठतात. मत देऊन झाल्यावर मताचं कारण सांगायला. व्यासपीठावर जाईपर्यंत निम्म्या खुर्च्यांवरची माणसं पेंगुळलेली. त्यांचा आवाज मोठा नाही, उच्चारात किंचित बोबडेपणा आहे, वक्ता म्हणून कुणी डोक्यावर घेतलं नसतं. पण नीट ऐका. ते म्हणताहेत, लढाई थांबवा म्हणणं ठीक, पण मग पुढे काय? सगळे मागे सरले की जिथे होतो तिथेच परत, आणि ती जागाच तर भांडणाची आहे. राजकीय तोडगा निघेपर्यंत या सरहद्दींवर शांतता राखेल एवढं मोठं संयुक्त राष्ट्रांचं सैन्य उभं करायला महासचिवांना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कॅनडा त्यात आपला वाटा द्यायला सरकारकडे शिफारस करेल.

हे त्यांना एकाएकी सुचलेलं नाही. कालच, १ नोव्हेंबरला, ईडन लंडनच्या संसदेत बोलून गेलेत की शांतता राखायचं प्रत्यक्ष काम संयुक्त राष्ट्रं अंगावर घेणार असतील तर आमच्याइतका आनंद कुणालाच होणार नाही. टाळ्यांसाठी टाकलेलं वाक्य. पिअर्सननी ते उचललं आणि जसंच्या तसं हुंडी म्हणून वटवायला पुढे केलं. तुम्ही पोलिसाचं काम करायला गेलात ना? घ्या, पोलीस आणतो. आता तुम्ही घरी जा.

कॅनडाने विरोधात मत दिलं असतं, तर आशिया-आफ्रिकेतल्या देशांनी त्याला ब्रिटनच्या शेपटाला बांधलेला देश म्हणून बाजूला काढलं असतं. बाजूने दिलं असतं, तर लंडनने दारच लावून घेतलं असतं. तटस्थ मताने दोन्ही उंबरठे शाबूत राहिले. पण म्हणून पिअर्सनना निःस्वार्थी साधू समजायचं कारण नाही. त्यांना अमेरिका आणि ब्रिटन यांचं फाटलेलं शिवायचं होतं, नाटो आणि राष्ट्रकुल दोन्ही वाचवायचे होते, कारण या दोन खांबांवरच कॅनडाचा मांडव उभा होता. एक कोसळला असता तर दुसऱ्याखाली तो चिरडला असता.

ते खाली उतरतात न उतरतात तोच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पुन्हा बोलायला येतात. कल्पना पसंत आहे, कॅनडाने ठोस प्रस्ताव आणावा. हे ऐकून सभागृह जागं होतं. याच डलेसना चोवीस तासांनंतर पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात हलवलं जाणार आहे. कर्करोग निघेल. तुम्हाला माहीत आहे, सांगता येत नाही.

पुढचे दोन दिवस जरा भरभर. पिअर्सन महासचिव डाग हॅमरशल्ड यांना भेटतात. हॅमरशल्डांचा या सैन्यावर अजून विश्वास बसलेला नाही. पिअर्सन विमानाने ओटावाला जातात, मंत्रिमंडळाची संमती घेतात, परततात. ठरावाचा मसुदा कॅनडाच्या नावाने मांडला जातो, त्याचा मजकूर मात्र बराचसा अमेरिकनांच्या टंकलेखन यंत्रातून निघालेला असतो. कॅनडात ही गोष्ट सांगताना एवढा तपशील सहसा गाळतात. पण अमेरिकेचा कागद अमेरिकेच्या हाती दिसला असता तर तो पडला असता, कॅनडाच्या हाती दिसला म्हणून चालला.

४ नोव्हेंबरची पहाट. तीच खुर्ची, तोच खटका. अठ्ठेचाळीस तासांत सैन्याची योजना द्या, एवढंच महासचिवांना सांगणारा ठराव. बाजूने ५७, विरोधात एकही नाही, तटस्थ १९. त्या एकोणीसांत कोण आहे ते मोजा: ब्रिटन, फ्रान्स, इस्राएल आणि इजिप्त. चारही भांडणारे! शिवाय सोव्हिएत गट. नको असं कुणी म्हणालं नाही, आणि मध्यस्थाला त्याहून जास्त काही लागत नाही. याच सुमारास हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये रशियन रणगाडे शिरताहेत. डिक्सन उद्या लंडनला तार करतील की आपली बॉम्बफेक थांबली नाही तर बुडापेस्टबद्दल बोलायला आपल्याला तोंड उरणार नाही.

त्याच रविवारी दुपारी क्षणभर लंडन. ट्रॅफल्गार चौकात ‘युद्ध नको, कायदा हवा’ म्हणत हजारो माणसं जमलीत, विरोधी मजूर पक्षाचे नाय बेव्हन भाषण करताहेत, आणि डाउनिंग स्ट्रीटवर बैठकीला बसलेल्या मंत्रिमंडळाला तो गलका ऐकू येतोय. या शहरात भारताच्या उच्चायुक्त आहेत विजयालक्ष्मी पंडित, कोकणातल्या पंडितांच्या सूनबाई. आमसभेचं अध्यक्षपद पिअर्सननंतर लगेच, १९५३ साली, त्यांच्याकडेच आलं होतं.

सोमवारी ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदवर उतरतात, मंगळवारी जहाजांतून बाकीचे. आणि मंगळवारीच मध्यरात्रीपासून लढाई बंद. हे पिअर्सनच्या भाषणाने झालं असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. पौंड घसरत होता, ब्रिटनची डॉलरची गंगाजळी आटत होती आणि माघार घेतल्याशिवाय अमेरिका नाणेनिधीचं कर्ज मिळू देणार नव्हती. धक्का पौंडाने दिला. पिअर्सननी फक्त भिंतीत एक दार करून ठेवलं होतं, ज्यातून ईडनना ‘संयुक्त राष्ट्रांचं सैन्य येतंय, आमचं काम झालं’ म्हणत बाहेर पडता आलं. तेही पुरेसं ठरलं नाही. तब्येत ढासळलेले ईडन जमैकात इयान फ्लेमिंगच्या घरी विश्रांतीला गेले आणि ९ जानेवारी १९५७ला त्यांनी राजीनामा दिला.

आता थंडीचा कोट चढवा. नोव्हेंबरचा मध्य, हॅलिफॅक्स बंदर, अटलांटिकचा खारा वारा. इथे जरा रेंगाळू, कारण खरी गंमत न्यूयॉर्कला नव्हे, इथे आहे.

जगातल्या या पहिल्या शांतिसेनेचे सेनापती नेमलेत जनरल बर्न्स, कॅनडाचेच. सैनिक कॅनडा देणार, हेही उघड. कॅल्गरीहून विमानांनी आणलेली तुकडी बंदरावर सामान बांधून तयार आहे. न्यायला ‘मॅग्निफिसंट’ नावाची विमानवाहू बोट, तिच्यावरची विमानं उतरवून जागा केलेली. तुकडीचं नाव: क्वीन्स ओन रायफल्स ऑफ कॅनडा.

नाव पुन्हा एकदा वाचा. राणीची स्वतःची रायफल पलटण. आणि नासरांच्या शहरावर पंधरा दिवसांपूर्वी बॉम्ब टाकले कुणी? राणीच्या विमानांनी. राणी तीच. गणवेशही तोच, इंग्रजी धाटणीचा. मान वर करून काठीवरचा झेंडा बघा. तांबडं कापड, वरच्या डाव्या कोपऱ्यात युनियन जॅक. उरलेल्या तांबड्यावर कॅनडाची ढाल. वाऱ्याने कापड ताणलं की ढाल नीट दिसते: इंग्लंडचे तीन सिंह, स्कॉटलंडचा एक, आयर्लंडची वीणा आणि निळ्यावर सोनेरी लिली, जुन्या फ्रान्सच्या राजांची. म्हणजे इजिप्तवर चालून आलेल्या दोन्ही युरोपीय देशांची चिन्हं या एका कापडावर. तळाशी, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, मेपलची तीन पानं. तीही अजून हिरवीच आहेत. लाल पुढच्या वर्षी होतील.

कैरोने सांगितलं, ही माणसं नकोत. आमचा पोर्ट सैदचा शिपाई गोळी झाडण्याआधी झेंड्याच्या कोपऱ्यावर कॅनडा लिहिलंय की इंग्लंड हे वाचत बसणार नाही. युक्तिवाद खोडून काढणं अवघड होतं. ज्या देशाने ही कल्पना मांडली, त्याच्याच सैनिकांना मांडवात मज्जाव. पुढे पिअर्सन म्हणायचे की पलटणीच्या नावातच ‘साम्राज्यवादविरोधी’ असं काहीतरी असतं तर काम सोपं झालं असतं. हसून म्हणायचे, पण लागलं होतं.

तोडगा जनरल बर्न्सनी काढला. पायदळ पुष्कळ मिळतंय, मला बिनतारी संदेशवाले हवेत, ट्रकचालक हवेत, दुरुस्तीवाले, विमानं हवीत. हे कॅनडाइतकं चांगलं कोण देणार? खरंही होतं, सोयीचंही होतं. ब्रिटनला इभ्रतीने माघार घ्यायला दार करून देणाऱ्या देशाला, पंधरा दिवसांच्या आत, स्वतःसाठी तसंच दार शोधावं लागलं. राणीची पलटण आणखी काही आठवडे हॅलिफॅक्सला थांबून कॅल्गरीला परतली.

तेवढ्यावरही नासरांना कॅनडा नकोच होता. त्यांना वळवलं कैरोतले कॅनडाचे राजदूत हर्बर्ट नॉर्मन यांनी. जपानमध्ये मिशनऱ्याच्या घरी जन्मलेला, जपानी इतिहासाचा अव्वल अभ्यासक, मृदू बोलण्याचा माणूस. नासरांसमोर बसून त्यांनी काय काय समजावलं असेल याची कल्पनाच करायची. बाजी त्यांनी मारली. आणि साडेचार महिन्यांत, अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने त्यांच्या तरुणपणच्या डाव्या विचारांचं जुनं प्रकरण पुन्हा उकरल्यावर, ४ एप्रिल १९५७ला त्यांनी कैरोतच आयुष्य संपवलं. शांतिसेनेच्या सोहळ्यांत त्यांचं नाव क्वचितच ऐकू येतं.

शिरस्त्राणांचीही एक गंमत आहे. दोन्ही बाजूंना लांबून ओळखू यावं म्हणून निळ्या टोप्या हव्या होत्या, पण इतक्या घाईत शिवून मिळेनात. मग युरोपात पडून असलेल्या अमेरिकन शिरस्त्राणांच्या आतल्या प्लास्टिकच्या टोप्यांवर निळा रंग फवारला. नेपल्सजवळच्या विमानतळावरून विमानं या निळ्या डोक्यांना घेऊन कालव्याकडे उडताहेत, १५ नोव्हेंबरपासून. दहा देशांचे सहा हजार सैनिक, त्यांत भारताची पलटण. इस्राएलने त्यांना आपल्या हद्दीत पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून ते कायम इजिप्तच्याच बाजूला उभे राहिले.

मायदेशी पिअर्सनना हार घातले गेले असतील असं वाटत असेल तर ओटावाच्या संसदेत डोकावा. नोव्हेंबरअखेरचं खास अधिवेशन. सँ-लोराँ बोलून गेले की युरोपातल्या महामानवांनी साऱ्या जगावर राज्य करायचे दिवस सरत आले. फ्रेंच रक्ताच्या माणसाने हे म्हणावं, तेही इंग्रजी ओंटॅरिओसमोर! विरोधी बाकांवरून हॉवर्ड ग्रीन कडाडले: हे सरकार अमेरिकेचा हरकाम्या पोऱ्या झालंय, जिवलग मित्रांच्या पाठीत सुरा खुपसतंय. १० जून १९५७ला लिबरल पक्ष निवडणूक हरला. त्यामागे पाइपलाइनवरचा वाद होता, बावीस वर्षांच्या सत्तेचा कंटाळा होता, पण सुएझही होतंच. ऑक्टोबरात शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा पिअर्सन विरोधी बाकांवरचे साधे खासदार होते.

सात वर्षं पुढे या. १७ मे १९६४, विनिपेग. पिअर्सन आता पंतप्रधान, छातीवर युद्धपदकं लावून माजी सैनिकांच्या मेळाव्यात उभे आहेत आणि तिथेच, मुद्दाम तिथेच, सांगताहेत की आपल्याला नवा झेंडा हवा. सभा हुर्यो उडवते. त्या म्हाताऱ्यांनी त्याच तांबड्या कापडाखाली मित्र पुरलेत, त्यांचा राग खोटा नाही. संसदेत महिनोन् महिने खल चालतो, शेवटी चर्चा आवरती घ्यायचं कलम लावावं लागतं. १५ डिसेंबरला मतदान: १६३ विरुद्ध ७८. घड्याळ बघा, पुन्हा पहाटेचे दोन वाजून गेलेत. या माणसाच्या नशिबी जागरणंच फार.

१५ फेब्रुवारी १९६५, भर दुपार, ओटावाची टेकडी. जुना झेंडा उतरताना विरोधी नेते डीफनबेकर डोळे पुसतात. नवा चढतो: लाल, पांढरा, लाल, मधोमध एकच पान.

आणि शेवटी गाझापट्टीच्या वाळूत उतरा. मे १९६७. दहा वर्षांहून अधिक काळ तारेच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या शांतिसेनेला नासरांनी चालतं व्हायला सांगितलंय. सेनापती आता इंदरजित रिखी, भारताचे. बाकीच्यांना सामान आवरायला सवड आहे, पण २७ तारखेला खास हुकूम येतो: कॅनडावाल्यांनी अठ्ठेचाळीस तासांत निघावं. ते पश्चिमेकडे झुकलेत. पलटणीच्या नावात राणी नाही, झेंड्यावर युनियन जॅक नाही, तरी सगळ्यांत आधी तेच.

त्यांच्याबरोबर बिनतारी यंत्रं गेली, दुरुस्तीवाले गेले, विमानं गेली. शेवटचं मालवाहू विमान धूळ उडवत धावपट्टी सोडतंय. शेपटीवर लाल पान, कोपरा कोरा.

तुमच्या शेजारी एक भारतीय जवान निळी टोपी मागे सारून विमानाकडे बघतोय. त्याच्या पलटणीला बोटीने जायचंय, बोट अजून यायची आहे. तो विचारतो, “साहेब, आमची बोट कधी?”

५ जूनला इथे लढाई पेटणार आहे, भारतीय जवान मारले जाणार आहेत. तुम्ही तोंड उघडता.